ग्रंथालयापुढचा वाफा

आपल्या ग्रंथालयाच्या पायऱ्या चढताना डाव्या हाताला जो लांबट वाफा दिसतो, त्याच्याविषयी चार शब्द लिहावेत असे वार्षिकाच्या संपादक सरांनी मला सांगितले. राष्ट्रीय सेवा योजनेच्या अहवालात शोभेल असे अर्धे पान त्यांना हवे असावे. तसे अर्धे पान मी लिहिलेही होते. 'विद्यार्थ्यांनी श्रमदान करून वाफा स्वच्छ केला व रोपे लावली' असे त्यात होते. वाक्य खोटे नाही. परंतु वाफा दोनदा स्वच्छ करावा लागला, पहिल्या वेळी तो स्वच्छ झालाच नव्हता, आणि का झाला नव्हता हे त्या वाक्यात कोठेच येत नाही. म्हणून हा थोडा लांबलेला लेख. आपले कला महाविद्यालय आहे, येथे वनस्पतिशास्त्र शिकवत नाहीत. तेव्हा शास्त्राच्या भाषेत काही उणे राहिले तर प्राध्यापकांनी सांभाळून घ्यावे.

वाफा ३० फूट लांब आणि ८ फूट रुंद. जमीन काळी. कधीकाळी तेथे गुलाब होते असे ग्रंथालयाचे शिपाईमामा सांगतात, आणि खणताना दोन वाळकी खोडे आम्हांला सापडलीही. जूनमध्ये मात्र तेथे गुडघाभर रान होते. भिंतीकडे गाजर गवत, मध्ये लव्हाळा, पायऱ्यांच्या बाजूने हरळी, आणि अधूनमधून केना, घोळ, आघाडा, एकदांडी, काटेमाठ. एका जागी इतकी मंडळी गुण्यागोविंदाने नांदताना आमच्या वसतिगृहातही दिसत नाहीत.

शेतीच्या पुस्तकांत तणाची व्याख्या 'नको त्या जागी उगवलेली वनस्पती' अशी असते. व्याख्या सोपी वाटते, पण 'नको' हे कोणाला, हा प्रश्न तिने मोकळाच ठेवला आहे. हरळी आणि दूर्वा ही एकच वनस्पती. भाद्रपदात आपण तिच्या एकवीस जुड्या करून गणपतीच्या मस्तकावर ठेवतो आणि आश्विनात तिलाच शिव्या देत शेतातून उपटतो. आघाडा पूजेच्या पत्रीत लागतो. घोळ आणि तांदुळजा यांची भाजी होते. आमच्याकडे पावसाळ्यात कामावरून परतणाऱ्या बाईच्या ओच्यात ही भाजी नाही असा दिवस क्वचितच जातो. एकदांडीचा पाला चुरून जखमेवर लावतात. म्हणजे ज्याला मालक तण म्हणतो त्यातले निम्मे मजुराच्या घरी कामाला येते.

मी मराठी विषय घेतला आहे, तेव्हा शब्दांविषयीही थोडे लिहिल्याशिवाय राहवत नाही. तण काढण्याच्या कामाला महाराष्ट्रभर एक नाव नाही. विदर्भ-खानदेशाकडे निंदण किंवा निंदणी म्हणतात. नगर, सोलापूर, मराठवाडा या बाजूला खुरपणी. कोकणात भातातली बेणणी. आणि आमच्या सातारा-सांगली-कोल्हापूरकडे भांगलण. 'भांगलायला गेली आहे' हे वाक्य या भागातल्या मुलांनी जितक्या वेळा ऐकले असेल तितक्या वेळा क्वचितच दुसरे कुठले ऐकले असेल. कारण नांगर, कुळव, पेरणी ही पुरुषांची कामे. त्यांना वर्षातून थोडे दिवस लागतात. भांगलण बायकांची, आणि ती संपत नाही. बसून करावयाचे काम असल्यामुळे त्याला कष्ट म्हणण्याची पद्धत नाही, आणि रोजही त्या मानानेच ठरतो.

आता पहिल्या प्रयत्नाची हकीकत.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात आम्ही बावीस जण जमलो. चार कुदळी, दोन टिकाव, तीन खोरी, सहा घमेली. पाऊस आदल्या रात्रीच पडून गेला होता. विचार असा केला की रान दाट आहे, खुरप्याने बसून काढण्यात महिना जाईल, त्यापेक्षा कुदळीने सगळी जमीन उलथी करावी, वरचे गवत खाली गाडावे आणि वरून दाताळे फिरवावे. मुलांना जोर आला. दीड दिवसात वाफा काळाभोर, सपाट, अगदी चित्रासारखा दिसू लागला. तिसऱ्या दिवशी झेंडूची दोनशे रोपे लावली, छायाचित्र घेतले.

तेरा दिवसांनी झेंडूपेक्षा लव्हाळा उंच होता. महिन्याभरात झेंडू शोधावा लागत होता. ओल्या मातीत कुदळ चालवल्यामुळे जी ढेकळे निघाली ती उघडिपीत वाळून विटांसारखी झाली, आणि लव्हाळ्याला तेही अडले नाही. विटांच्या फटींतून तो सुयांसारखा वर आला.

येथे एक गोष्ट कबूल केली पाहिजे. लव्हाळ्याला कुदळ लावू नये हे मला ठाऊक होते. आठवीपासून दर मे महिन्यात आणि पावसाळ्यातल्या सुट्ट्यांना मी आईबरोबर भांगलायला जाते. माझ्या डाव्या तर्जनीवर खुरप्याची खूण आहे. त्या दिवशी सर्वांनी कुदळी उचलल्या तेव्हा शब्द माझ्या ओठांपर्यंत आला होता. परंतु तो बोलले असते तर पुढचा प्रश्न आला असता, 'तुला कसे माहीत?' प्रथम वर्षाला पहिल्याच तासाला ओळख करून देताना मी आईविषयी 'गृहिणी' असे सांगितले होते. प्रवेशाच्या अर्जावरही तेच लिहिले होते. घरात महाविद्यालयात आलेली मी पहिलीच. येथे आल्यावर काय सांगावयाचे आणि काय नाही हे मला कोणी शिकवले नव्हते, म्हणून जे लपवता आले ते मी लपवले. मी गप्प राहिले, आणि मीही एक कुदळ हातात घेतली.

ऑगस्टच्या मध्यावर वाफ्याचे काय करावयाचे यासाठी बैठक झाली. तणनाशक मारावे अशी सूचना आली. त्यावर एकाने सांगितले की लव्हाळ्यासाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या ग्लायफोसेटवर केंद्र सरकारने २०२२ साली निर्बंध घातले असून ते परवानाधारक कीटकनियंत्रकांकडूनच मारून घ्यावे असे ठरवले आहे. शिवाय त्या पायऱ्यांवर आम्ही डबे खातो. ती सूचना बारगळली. कोणी म्हणाले, वाफा सोडून द्यावा आणि फरशी घालावी. तेव्हा मात्र मला राहवले नाही. मी उठून म्हणाले, "माझी आई भांगलायला जाते. मी तिला विचारून येते." सर म्हणाले, "जरूर विचारा, आणि जमल्यास त्यांना घेऊन या." एवढेच झाले. कोणी हसले नाही, कोणी टाळ्याही वाजवल्या नाहीत. बैठक संपल्यावर जिन्यात दोन मैत्रिणींनी आपापल्या आयांची कामे सांगितली. दीड वर्ष आम्ही एका बाकावर बसत होतो.

आईला विचारण्याआधी आम्ही एक प्रयोग केला. वाफ्यात एक फूट लांब, एक फूट रुंद चौकोन आखला. त्यात लव्हाळ्याची किती पाती वर दिसतात ती मोजली: १९. मग तेवढी माती नऊ इंच खोल काढून बादलीत धुतली आणि गाठी मोजल्या: ६३. म्हणजे वर दिसणाऱ्या प्रत्येक रोपामागे आणखी दोन गाठी खाली निजलेल्या होत्या.

लव्हाळा म्हणजे काय ते यातून कळते. दिसायला तो गवत, पण गवत नव्हे. फुलाची दांडी बोटांत धरून फिरवावी. गवताची गोल लागते, लव्हाळ्याची तीन धारांची. जमिनीखाली त्याच्या बारीक तारा पसरतात आणि तारांवर अंतराअंतराने काळपट गाठी धरतात, माळेत मणी ओवावेत तशा. बहुतेक गाठी वरच्या सहा इंचांत असतात, काही फूटभर किंवा त्याहूनही खाली जातात. माळ अखंड असते तोवर पुढची गाठ जागी राहते आणि मागच्या निजून असतात. तार तुटली की प्रत्येक गाठ मोकळी होते आणि आपला स्वतंत्र कोंब काढते. आमच्या कुदळींनी नेमके हेच केले होते. बावीस जणांनी दीड दिवस घाम गाळून निजलेल्या गाठी जाग्या केल्या, आणि वर पाऊस होताच. नवे रोप उगवल्यापासून तीन ते सहा आठवड्यांत स्वतःच्या नव्या गाठी धरू लागते, म्हणजे झेंडू मुळे रोवीपर्यंत लव्हाळ्याची पुढची पिढी तयार.

१९७७ साली लिरॉय होम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगातल्या सर्वांत उपद्रवी तणांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात पहिला क्रमांक लव्हाळ्याला दिला आहे. हे वाचून मला थोडे बरे वाटले. आमची हार किरकोळ शत्रूकडून झाली नव्हती. तुकोबांनी महापुरात तरून जाणाऱ्या लव्हाळ्याचा दाखला नम्रतेसाठी दिला आहे. वाफ्यातला लव्हाळा पाहिल्यावर मला त्या नम्रतेच्या मागची चिवट बाजूही दिसू लागली.

आई एका रविवारी आली. रविवारी आमच्या तालुक्याचा बाजार असतो, त्यामुळे तिचा रोज बुडला नाही. बाजाराची पिशवी पायऱ्यांवर ठेवून तिने प्रथम आम्ही नवे विकत आणलेले खुरपे हातात घेतले, पात्यावरून अंगठा फिरवला आणि बाजूला ठेवून दिले. "ह्येला धार न्हाई, आन् मूठ पैलवानाच्या हाताची हाय." तिने पदराखालून स्वतःचे काढले. त्याचे पाते झिजून निम्मे झाले आहे, आणि मुठीला तिच्या बोटांचे खळगे पडले आहेत.

मग ती वाफ्यात उकिडवी बसली आणि बोलू लागली. तिचे शब्द मी शक्य तितके तसेच देते.

"तुमी कुदळ मारली न्हवं, तितंच चुकलं. एकाचं चार केलं. लव्हाळा वरनं कापला तर त्यो हसतोय. त्येच्या बुडात तिरकं खुरपं घालायचं, माती सैल करायची, आन् दुसऱ्या हातानं पाती धरून हळू वडायची. गाठ हाताला लागंस्तवर सोडायची न्हाई. तुटल्यालं कळतंय बोटाला. तुटली तर पुन्यांदा उकरायची. आन् काडल्याली गाठ तितंच टाकायची न्हाई, ती निजत न्हाई, सोंग घेतीया."

ओल्या जमिनीत हे जमत नाही, माती खुरप्याला चिकटते. वाळल्या जमिनीत तार तुटते. म्हणून वाफसा पाहिजे. हा शब्द आपण सगळे वापरतो, पण तो पाहावा कसा हे मला तिने त्या दिवशी पुन्हा दाखवले. चार बोटे खोलीवरची माती मुठीत घट्ट दाबावयाची आणि कमरेइतक्या उंचीवरून सोडावयाची. गोळा तसाच राहिला तर जमीन ओली. मुठीतच बांधला गेला नाही तर वाळकी. पडून भुसभुशीत फुटला तर वाफसा. काळ्या मातीत हा काळ फार थोडा असतो, पावसानंतर चार-सहा दिवसांनी येतो आणि तीन दिवसांत निघून जातो. जुलैमध्ये आम्ही छायाचित्राची तारीख पाहिली, वाफसा पाहिला नाही.

पाऊस चालू असेपर्यंत मोठे काम काढू नका, असे आईने सांगितले. तोवर लव्हाळा फक्त दर पंधरा दिवसांनी उपटत राहावा, म्हणजे त्याला नव्या गाठी धरण्याइतका वेळ मिळत नाही आणि जुन्या गाठीतला साठा कोंब काढण्यातच खर्च होतो. मुख्य खणणी परतीचा पाऊस थांबल्यावर, ऑक्टोबरच्या उन्हात. त्या उन्हाला आपण सगळे कंटाळतो. लव्हाळ्याच्या गाठीला मात्र त्याचेच भय. उघड्यावर, पसरून, आठ-दहा दिवस कडक ऊन लागले की गाठ वाळून मरते. ओल्या ढिगात टाकली तर तेथेच कोंब काढते.

त्याप्रमाणे ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही पुन्हा सुरुवात केली. या वेळी सात जणच उरलो, आणि ते बरे झाले. कुदळीऐवजी काटे असलेले खोरे वापरले, म्हणजे माती उचलली जाते पण गाठी चिरल्या जात नाहीत. वाफ्याच्या एका टोकापासून फूट-फूट रुंदीची पट्टी घ्यायची, नऊ इंच खोल माती उचलायची, ढेकूळ हातांनी फोडायचे, गाठी आणि हरळीची कांडी वेचायची, माती मागे टाकायची आणि पुढची पट्टी. हे काम कंटाळवाणे आहे. एका सकाळी दोघांची मिळून चार फूट पट्टी होते. ३० फुटांना आम्हांला अकरा सकाळी लागल्या. सर रोज येत. तिसऱ्या दिवसापासून तेही बसून वेचू लागले.

दोन घमेली गाठी निघाल्या. त्या ग्रंथालयाच्या गच्चीवर फरशीवर पसरून वाळवल्या. वाळताना त्यांना सुगंध सुटतो. लव्हाळ्याची गाठ म्हणजेच आयुर्वेदातला मुस्ता, आपला नागरमोथा, दिवाळीच्या उटण्यात असतो तो. आईने त्यांतल्या दोन मुठी धुऊन, पुन्हा वाळवून, कुटून घेतल्या. यंदाचे आमचे उटणे महाविद्यालयाच्या वाफ्यातले.

इतर तणांविषयी थोडक्यात. हरळी पेरापेराला मुळे सोडते, तेव्हा बोटभर कांडे राहिले तरी पुरे. पण तिची कांडी पांढरी आणि ठळक असल्यामुळे वेचायला सोपी. केना वरवर नाजूक दिसतो. त्याचा तुकडा ओल्या मातीवर पडला तरी रुजतो, आणि विशेष म्हणजे तो जमिनीखालीही फुले धरून बी तयार करतो. तो ओढताना खालचा पांढरा भाग आला की नाही ते पाहावे. काळ्या रानात याहून वाईट तण म्हणजे कुंदा, ज्याच्या मुळ्या फार खोल जातात. तो आपल्या वाफ्यात नव्हता.

गाजर गवताबद्दल मात्र सावध केले पाहिजे. हे मूळचे अमेरिका खंडाच्या उष्ण भागातले. भारतात त्याची नोंद १९५५ च्या सुमारास पुण्यात झाली, आणि परदेशातून आलेल्या धान्याबरोबर ते आले असे मानले जाते. एका झाडाला हजारांनी बी धरते. त्याच्या स्पर्शाने कित्येकांच्या अंगाला पुरळ येते, परागांनी दम्याचा त्रास वाढतो. आमच्यातल्या एकाने जुलैमध्ये उघड्या हातांनी ते उपटले आणि आठवडाभर त्याचे मनगट सुजले होते. हातमोजे घालून, फुले येण्याआधी, ओल असताना मुळासकट उपटावे. त्यावर जगणारा मेक्सिकोतला भुंगेरा १९८४ च्या सुमारास भारतात सोडण्यात आला. पावसाळ्यात पाने चाळणीसारखी झालेली झाडे दिसतात ती त्याची करामत. अशी झाडे दिसली तर भुंगेऱ्याला मारू नये.

वेचणी संपली म्हणजे वाफा मोकळा झाला असे नाही. मातीत बी शिल्लक असते, आणि बीचा संयम दांडगा. अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये विल्यम बील या प्राध्यापकांनी १८७९ साली २१ प्रकारच्या वनस्पतींचे बी वाळूत मिसळून २० बाटल्यांत भरले आणि पुरून ठेवले. ठरावीक वर्षांनी एकेक बाटली काढून बी पेरून पाहतात. २०२१ साली काढलेल्या बाटलीतले काही बी १४२ वर्षांनी उगवले. बील यांना जाऊन किती तरी वर्षे झाली. बाटल्या मात्र एका प्राध्यापकाकडून दुसऱ्याकडे सोपवल्या जात आहेत.

तेव्हा मातीतले सगळे बी मरेल अशी आशा धरण्यात अर्थ नाही. त्याला फसवावे लागते. आपले शेतकरी वळवाचे पाऊस पडून तण उगवले की पेरणीआधी कुळवाची एक पाळी घालतात, ती यासाठीच. आम्ही वाफ्याला भरपूर पाणी दिले आणि काही लावले नाही. अकरा दिवसांनी रान हिरवे झाले. बियांची तणे वरवर खरवडून काढली, आणि लव्हाळ्याचे कोंब एकेक करून गाठीसकट. मोजले: ४१२. पुन्हा पाणी, पुन्हा वाट पाहणे: १६६. तिसऱ्या खेपेला ५९. या काळात जमीन खोल हलवायची नाही ही गोष्ट सांभाळली पाहिजे, कारण पुष्कळशा तणांचे बी उजेड लागला की उगवते. खोल खणले की खालचे बी वर येते आणि सगळे पहिल्यापासून. खरवडणे इंचभरच.

कोकणात आणि मावळात रोपवाटिकेच्या जागेवर शेण, पाला, फांद्या आणि माती यांचे थर देऊन उन्हाळ्यात राब भाजतात. त्याने वरच्या थरातले तणाचे बी जळते, शिवाय राख मिळते. युक्ती अनुभवाची आहे, पण त्यासाठी दरवर्षी झाडे खांडावी लागतात. उन्हाळ्यात ओल्या जमिनीवर पारदर्शक प्लॅस्टिक महिना-दीड महिना अंथरण्याचीही एक रीत आहे. बियांच्या तणांवर ती चालते. लव्हाळ्याचे टोकदार कोंब मात्र प्लॅस्टिकलाही भोक पाडतात.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात खत घातले. येथे पुन्हा घाई नडू शकते. ताज्या शेणातून, न कुजलेल्या उकिरड्यातून तणाचे बी आणि हुमणीच्या अळ्या वाफ्यात येतात, म्हणजे पुढच्या दाराने हाकललेले पाहुणे मागच्या दाराने. चांगले शेणखत हातात भुरभुरीत लागते, शेणाचा वास येत नाही, ढिगात हात घातला तर गरम लागत नाही. एक इंचाचा थर द्यायचा म्हणजे आपल्या वाफ्याला २० घनफूट, साधारण ३५-३६ घमेली. ते वरच्या चार-पाच इंचांत हलक्या हाताने मिसळले.

आणखी एक बदल केला. आठ फूट रुंद वाफ्याच्या मध्यापर्यंत हात पोचत नाही, त्यामुळे माणूस आत पाय ठेवतो, आणि काळी माती पायाखाली दबली की मुळांना वारा लागत नाही. म्हणून सव्वातीन फुटांचे दोन गादीवाफे केले, सहा इंच उंच, मध्ये दीड फुटाची वाट. झेंडू फुटाफुटावर, प्रत्येक वाफ्यात तीन ओळी. दाट लावण्याचे कारण असे की लव्हाळ्याला सावली सोसत नाही. झेंडू पसरला की खालचा कोंब दुबळा होतो. झेंडूच्या मुळांमुळे जमिनीतले सूत्रकृमीही कमी होतात, तेव्हा पुढे गुलाब लावायचे झाल्यास जमीन तयार राहील. रोपांमधल्या जागेवर उसाचे पाचट तीन-चार बोटे जाड पसरले. ते मागायला जवळच्या रानात गेलो तेव्हा मालक म्हणाले, "न्या की, न्हाईतर पेटवायचंच हाय."

मधल्या काळात, नोव्हेंबरमध्ये, शिष्यवृत्तीचा अर्ज भरला. आईच्या व्यवसायाच्या रकान्यात 'शेतमजुरी' लिहिले.

झेंडू जानेवारीच्या अखेरीस फुलू लागला. दर सोमवारी पहिल्या तासाआधी मी वाफ्याभोवती एक फेरी घालते आणि कोंब मोजते. जानेवारीत एकदा ३१ होते, मग १८. या सोमवारी ९ निघाले. त्यांतले सात मधल्या वाटेच्या कडेला होते, जेथे पाचट विरळ आहे आणि झेंडूची सावली पोचत नाही. तेथे गवती चहाचे ठोंब लावावेत असा विचार आहे. खुरपे शिपाईमामांच्या कपाटात वरच्या फळीवर असते. धार मी लावून ठेवली आहे. मूठही तासून बारीक केली. पुढच्या वर्षी हे काम कोणाकडे द्यावे म्हणून प्रथम वर्षाच्या दोन मुली माझ्याबरोबर येतात. तार तुटली की गाठ आली हे बोटांनी कसे ओळखायचे ते मी त्यांना दाखवते आहे. एकीला ते आधीपासूनच येत होते.